नेलगन घ्यायची म्हणजे...

मंडळी, शीर्षक वाचून दचकू नका. आयुष्यभर खडू आणि डस्टर यांपलीकडे कुठलंही अवजार न चालवलेल्या माणसाने खिळे मारायच्या बंदुकीवर लिहावं, हे जरा अतीच झालं. पण काय करणार? गेले दीड महिने या घरात दुसरा विषयच नाही. जेवताना नेलगन, चहाला नेलगन, आणि रात्री मुलगा लॅपटॉप उघडून बसतो तोही नेलगनच बघत. या दिवसांत जे वाचलं, ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं ते एकदा नीट मांडून ठेवावं म्हणून हा प्रपंच. शिवाय तुमच्यापैकी निम्म्या मंडळींची मुलं अमेरिकेत नाहीतर कॅनडात आहेत. आज ना उद्या त्यांच्याही घरी बेसमेंटचं काम निघणारच!

थोडी पार्श्वभूमी सांगतो. आम्ही उभयता सध्या ओहायोत मुलाकडे आहोत. घराखाली बेसमेंट आहे. आपल्याकडच्या तळघरासारखं अंधारं भुयार नव्हे, तर वरच्या मजल्याएवढं लांबरुंद, सिमेंटच्या भिंतींचं आणि सध्या खोक्यांनी भरलेलं. सूनबाईचं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरूनच असतं, आणि ते चालतं स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सौ.ला मिक्सर लावायचा तर आधी सूनबाईची मीटिंग संपली का ते बघावं लागतं. म्हणून बेसमेंटमध्ये दोन खोल्या काढायच्या असं ठरलं. एक तिच्या कामाची, एक सगळ्यांनी बसायची. कंत्राटदाराने आकडा सांगितला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं. गेल्या वर्षी मुलाची नोकरी गेली होती, चार महिने तो घरी होता. आता दुसरी चांगली नोकरी आहे, पण ते चार महिने अजून घरातून गेलेले नाहीत. डॉलर खर्च करताना दोघं थांबतात. शेवटी विजेचं काम परवानाधारक माणसाकडून करून घ्यायचं आणि बाकीचं आपणच करायचं असं ठरलं. गावच्या बांधकाम खात्याकडून परवाना काढला, आणि मग प्रश्न आला खिळ्यांचा.

आपल्याला हा प्रश्न पटकन कळत नाही, कारण आपलं घर विटांचं. इथलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा. भिंतीत दर १६ इंचांवर एक उभी लाकडी पट्टी, तिला स्टड म्हणतात. खाली आडवी पट्टी, वर आडवी पट्टी, की झाला भिंतीचा सांगाडा. त्याला दोन्ही बाजूंनी जिप्समचे तक्ते लावले की भिंत तयार. या पट्टीचं नाव 'टू बाय फोर', म्हणजे दोन इंच बाय चार इंच. प्रत्यक्षात मोजली तर भरते दीड बाय साडेतीन! मी टेप घेऊन दोनदा मोजली. रंधून आणि वाळवून झाल्यावर एवढीच उरते म्हणे. आपल्याकडच्या वजनकाट्यांना उगाच नावं ठेवतो आपण.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती शिकागोच्या बाजूला, १८३० च्या दशकात. त्याआधी जाडजूड तुळया, त्यांना खाचा पाडायच्या, एकीचं टोक दुसरीच्या खाचेत बसवायचं, आणि त्यासाठी मुरलेला सुतार हवा. आपले जुने वाडे असेच उभे आहेत. मग यंत्रावर पाडलेले खिळे स्वस्त झाले, गिरणीत कापलेल्या बारीक पट्ट्या मिळू लागल्या, आणि दोन साधी माणसं हातोडी घेऊन घर उभारू लागली. म्हणजे या देशातली घरं उभी आहेत ती खिळ्यांच्या जिवावर. त्यामुळे खिळा कसा मारायचा हा इथे किरकोळ प्रश्न नाही.

माझं पहिलं म्हणणं हेच होतं की हातोडी आहे ना घरात, मग बंदूक कशाला? त्यावर नातीने कागद-पेन्सिल आणली. (आजोबांनी शिकवलेली सवय आजोबांवरच उलटते ती अशी!) भिंतींची लांबी साधारण ६० फूट. दर १६ इंचांना एक, म्हणजे ४५ स्टड. कोपरे आणि दारं धरून ६० समजा. प्रत्येकाला वर तीन आणि खाली तीन खिळे, म्हणजे ३६०. मधल्या आडव्या पट्ट्या आणि दारावरच्या तुळया धरल्या की ५०० खिळे. सरावलेला नसलेला माणूस एका खिळ्याला दहा ठोके देईल. झाले पाच हजार ठोके! मुलाच्या उजव्या खांद्याचं दुखणं जुनं आहे. मी हातोडीचा ठराव मागे घेतला.

आता ही नेलगन चालते कशी? सायकलचा पंप आठवा. त्यात आपण दट्ट्या दाबतो आणि हवा बाहेर जाते. इथे उलटं. दाबून भरलेली हवा एकदम आत येते आणि दट्ट्याला खाली ढकलते. दट्ट्याला एक पोलादी पाती जोडलेली असते, ती खिळ्याच्या डोक्यावर आपटते आणि तीन इंचांचा खिळा एका दणक्यात लाकडात गडप. थोडी हवा दट्ट्याला परत वर नेते. हवा येते कॉम्प्रेसरच्या टाकीतून. पंक्चरवाल्याकडे असते तसलीच, पण धाकटी.

दुकानात गेलं की या बंदुकांची आख्खी भिंत असते. शंभर-सव्वाशे डॉलरपासून सुरू होतात आणि बॅटरीवाल्या घ्यायला गेलं तर तिप्पट-चौपट. बॅटरीच्या बंदुकीला नळी नको, कॉम्प्रेसर नको, पण ती जड असते आणि महागही. पाचशे खिळ्यांसाठी तो थाट कशाला! आमच्याकडे कॉम्प्रेसर आधीपासूनच आहे. मुलाने गाडीच्या टायरांसाठी घेतलेला, सहा गॅलनचा, बसक्या भांड्यासारखा. तेव्हा हवेवर चालणारी बंदूक घ्यायची हे पक्कं झालं. पण हवेवरच्या बंदुकांतही शंभरवाली का आणि अडीचशेवाली का, हे किमतीच्या चिठ्ठीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

पहिली गोष्ट म्हणजे बंदूक कुठले खिळे खाते ते बघायचं. खिळे सुटे घालत नाहीत, त्यांची पट्टी मिळते, आपल्या स्टेपलरच्या पिनांसारखी. ही पट्टी तिरकी असते, आणि तो तिरकेपणा अंशांत मोजतात. २१ अंशांची पट्टी प्लास्टिकने जोडलेली असते आणि तिच्या खिळ्यांना पूर्ण गोल डोकं असतं. ३० ते ३४ अंशांची पट्टी कागदाने जोडलेली. तिच्यात खिळे अगदी चिकटून बसावेत म्हणून बऱ्याचदा त्यांच्या डोक्याचा एक तुकडा कापलेला असतो. वादळ किंवा भूकंपाच्या भीतीच्या काही भागांत अशी कापलेली डोकी नियमात बसत नाहीत, म्हणून गोल डोक्याचे कागदी पट्टीचे खिळेही निघाले आहेत. जास्त अंशांची बंदूक अडचणीच्या कोपऱ्यात बरी शिरते. प्लास्टिकवाली वापरताना प्लास्टिकचे तुकडे उडतात. पण मुख्य मुद्दा असा की एका अंशाची बंदूक दुसऱ्या अंशाचे खिळे खात नाही. बंदूक एकदाच घ्यायची, खिळे मात्र पुन्हा पुन्हा. तेव्हा आधी आपल्या जवळच्या दुकानात कुठले खिळे नेहमी मिळतात ते बघावं आणि मग बंदूक निवडावी. सूनबाईने तसंच केलं. दुकानात गेली ती बंदुकांकडे न बघता थेट खिळ्यांच्या फळीपाशी. २१ अंशांचे डबे भरपूर होते, प्रश्न सुटला.

खिळ्यांच्या मापांत मला एक गंमत सापडली. खोक्यावर '१६ डी' असं लिहिलेलं असतं आणि वाचताना म्हणतात 'सिक्स्टीन पेनी'. पेनीत 'डी' कुठून आला? तर रोमन नाणं देनारियस, त्याचं आद्याक्षर. जुन्या इंग्लंडात शंभर खिळ्यांना किती पेन्या पडत त्यावरून त्या खिळ्याचं नाव पडलं असं सांगतात. आणि याच देनारियसवरून आपल्या संस्कृतात 'दीनार' आला. ओहायोतल्या दुकानात खिळ्याच्या खोक्यावर दीनार भेटेल असं वर्गात शिकवताना कधी वाटलं नव्हतं!

पण बंदुकीचा खिळा बहुधा त्या जुन्या १६ पेनीपेक्षा बारीक असतो. त्यामुळे संख्या वाढते. स्टडला आडव्या पट्टीतून हातोडीने जाड खिळे दोन मारले तर चालतात, तिथे बंदुकीचे तीन इंची बारीक तीन लागतात. (आमच्या हिशोबात तीन धरले ते याचसाठी.) आणखी दोन गोष्टी. बेसमेंटमध्ये खालची पट्टी सिमेंटवर बसते, ओल लागते, म्हणून ती औषध भरलेल्या लाकडाची घेतात. ते औषध साध्या खिळ्याला खातं. २००४ च्या सुमारास घरगुती लाकडातलं जुनं, आर्सेनिकवालं औषध बंद झालं आणि तांब्याचं प्रमाण जास्त असलेली नवी औषधं आली, तेव्हापासून हा त्रास वाढला. तिथे जस्ताचा जाड मुलामा दिलेले खिळेच हवेत. दुसरं म्हणजे ही बंदूक सिमेंटवर चालवायची नाही. खालची पट्टी जमिनीला पक्की करायला ड्रिलने भोक पाडून सिमेंटचे स्क्रू लावायचे. ते काम वेगळं, त्याचं अवजार वेगळं.

दुसरी गोष्ट हवा. बंदुकीच्या खोक्यावर हवेचा दाब लिहिलेला असतो, साधारण ७० ते १२० पौंडांच्या दरम्यान. छोटा कॉम्प्रेसर तेवढा दाब देतो, पण धडाधड वीस-पंचवीस खिळे मारले की टाकी रिकामी होते आणि यंत्र घरघर करत पुन्हा भरायला लागतं. धंदा करणाऱ्याला हे परवडत नाही, घरच्या माणसाला परवडतं. तेवढ्यात पाणी प्यावं! रोज सुरुवातीला नळीच्या तोंडाशी तेलाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि काम संपल्यावर टाकीतलं साठलेलं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर आतून गंजते. हे तेल घालायचं खातं घरच्यांनी माझ्याकडे दिलं आहे. शाळेत घंटा द्यायचं काम विश्वासू मुलाकडे द्यायचे, तसं.

मुळात विकतच का घ्यायची, हाही प्रश्न आम्ही चघळला. इथे अवजारं दिवसाच्या भाड्याने मिळतात. काही गावांत तर अवजारांचं वाचनालय असतं! कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७९ पासून पुस्तकांसारखी अवजारंही घरी नेता येतात. हे वाचून माझ्यातला मास्तर इतका खूश झाला की विचारू नका. पण आमचं काम शनिवार-रविवारचं, तेही पाहुणे नसतील आणि नातीची स्पर्धा नसेल तेव्हाचं. महिनोन् महिने चालणार. प्रत्येक शनिवारी भाडं भरलं तर चार-पाच आठवड्यांत नवी बंदूक येते. ज्याचं काम सलग दोन दिवसांत उरकणार आहे, त्याने मात्र भाड्यानेच आणावी.

जुनी घ्यायचाही विचार झाला. एका शनिवारी जवळच्याच गल्लीत गॅरेज सेल होता. तिथे टेबलावर एक नेलगन, किंमत ३० डॉलर. मुलाचे डोळे चमकले. आमच्याबरोबर शेजारचे गृहस्थ होते. हे जन्मभर घरांचे सांगाडे उभारण्याचं काम करून निवृत्त झालेले सुतार, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. माझं इंग्रजी पुस्तकातलं आणि त्यांचं ओहायोतलं, पण आमची गट्टी आहे. त्यांनी बंदूक उचलली, तिचं नाक टेबलाच्या कडेवर दाबून पाहिलं आणि परत ठेवून दिली. या नाकाला एक स्प्रिंग असते. नाक लाकडावर दाबलं गेल्याशिवाय चाप ओढून खिळा सुटू नये, ही त्यातली राखण. या बंदुकीचं नाक आतच अडकून बसलेलं होतं, म्हणजे राखणदार झोपलेला. तीस काय, फुकट दिली तरी नको, म्हणाले.

परतताना त्यांनी चालता चालता डावा हात माझ्यापुढे धरला. पहिलं बोट मधल्या पेरापाशी वाकत नाही. इतके दिवस मी ते पाहत होतो, पण विचारलं नव्हतं. स्टड धरून खिळा मारताना बंदूक उसळली, पुन्हा टेकली आणि दुसरा खिळा सुटला तो बोटात. सांध्याजवळची शीर गेली. वय तेव्हा चाळिशीचं, हाताला वीस वर्षांची सवय. घाईही नव्हती, म्हणाले.

आमच्याकडे स्टड कोण धरणार होतं? नात. पंधरा वर्षांची आहे. बाबांना मदत करायची म्हणून तिने आपले शनिवार राखून ठेवले होते. मी त्या रात्री जेवताना फारसं बोललो नाही. सौ.ने विचारलं, तर पोट जड आहे म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईला म्हटलं, "मला या बंदुकीच्या सुरक्षेचं काही वाचायला काढून दे." तिने तासाभरात एक पुस्तिका छापून हातात ठेवली. कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या नायॉश आणि ओशा या इथल्या दोन सरकारी संस्थांनी मिळून २०११ मध्ये काढलेली. मी ती पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचली. आणि तिसरी गोष्ट, जी खरं तर पहिली असायला हवी, ती मला तिथे कळली. ती म्हणजे चाप.

चापाचे मुख्य प्रकार दोन. एकाला म्हणतात कॉन्टॅक्ट, बोलीत बंप. त्यात चाप दाबून धरायचा आणि बंदूक नुसती टेकवत जायचं. टेकली की खिळा, टेकली की खिळा. दुसरा फुल सिक्वेन्शियल, म्हणजे क्रमाने. आधी नाक लाकडावर दाबायचं, मग चाप ओढायचा, एक खिळा जातो. दुसरा हवा असेल तर दोन्ही सोडायचं आणि पुन्हा त्याच क्रमाने करायचं. पहिल्या प्रकारात बंदूक उसळून पुन्हा टेकली तर न मागितलेला खिळा सुटतो. शेजाऱ्यांच्या बोटात शिरला तो तसाच. चाप धरून चालताना कुणाच्या मांडीला बंदूक लागली तरी ती सुटतेच, तिला लाकूड आणि मांडी यांतला फरक कळत नाही.

पुस्तिकेतले आकडे देतो. अमेरिकेत वर्षाला सुमारे ३७,००० माणसं नेलगनच्या जखमा घेऊन दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जातात. सुतारकाम शिकणाऱ्या उमेदवारांच्या एका पाहणीत, चार वर्षांच्या शिक्षणात पाचांतल्या दोघांना एकदा तरी इजा झालेली होती. निम्म्याहून जास्त जखमा हाताच्या आणि बोटांच्या. आणि कॉन्टॅक्ट चापाने इजा होण्याचा धोका सिक्वेन्शियलच्या दुप्पट.

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. तो व्हिडिओ बघून तयार झालेला. "बाबा, सिक्वेन्शियल फार हळू चालते हो. सगळे प्रोफेशनल बंपच वापरतात. शनिवारी मिळतात मोजके तास, त्यात टकटक करत बसलो तर दिवाळी इथेच येईल." त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या शनिवारांना किंमत आहे, मला दिसते ती. रात्री दहाला लॅपटॉप मिटून पुन्हा तळघरात उतरणारा माणूस आळशी नसतो.

पण याचंही उत्तर पुस्तिकेतच होतं. दहा अनुभवी सुतारांना प्रत्येकी दोन सारख्याच लहान लाकडी शेड बांधायला दिल्या. एक या चापाने, एक त्या चापाने. खिळे मारायच्या वेळात कॉन्टॅक्ट चाप सरासरी १० टक्क्यांनी वेगवान ठरला. पण पूर्ण शेड बांधायला लागलेल्या वेळात हा फरक एक टक्काही भरला नाही! कारण काय? बांधकामात खिळा मारायला वेळ लागतच नाही. वेळ लागतो मोजायला, खूण करायला, कापायला, ओळंबा बघायला आणि "टेप कुठे ठेवला?" म्हणून शोधायला. आणि त्याच पाहणीत दिसलं की एकूण वेळ चापापेक्षा माणसावर जास्त अवलंबून होता. सुतारासुतारांतला फरक चापाचापांतल्या फरकाहून मोठा.

हे वाचल्यावर मी जरा वेळ पुस्तिका मिटून बसलो. वर्गात हेच पाहिलं आहे. उत्तरपत्रिकेत हात भराभर चालतो तो मुलगा पहिला येतोच असं नाही. वेळ जातो तो विचारात, आणि जायलाही तिथेच हवा.

मी मुलाला काही सांगितलं नाही. पस्तीस वर्षं सांगूनच झालं आहे. ते पान उघडं करून त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं, १० टक्के आणि १ टक्का या दोन्हींखाली रेघ मारून. त्याने वाचलं. सूनबाईने मात्र सरळ सांगितलं, "अरे, आपल्या आयुष्यात एवढी एकच बेसमेंट आहे. दिवाळीला नाही झाली तर संक्रांतीला होईल. आणि ती धरणार आहे लाकूड, हे विसरू नकोस." मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तिने धरायचं नाही. क्लॅम्प लावू." त्या क्षणी माझं पोट हलकं झालं.

खरेदी मग सोपी झाली. पुष्कळ बंदुकांना आता दोन्ही प्रकारांसाठी बटण असतं, काहींत वेगळा चाप खोक्यात मिळतो, काहींचा नंतर मागवावा लागतो. तेव्हा खोकं उघडून, माहितीपत्रक वाचून, 'फुल सिक्वेन्शियल' हे शब्द सापडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शेवटी घेतलेली बंदूक दीडशे डॉलरच्या आतली आहे. २१ अंशांची, दोन ते साडेतीन इंची खिळे घेणारी, खिळा किती खोल जावा ते चाकाने ठरवता येणारी. हे चाकही बघून घ्या, कारण खिळ्याचं डोकं लाकडात बुडालं तर पकड कमी होते. वजन साडेसात-आठ पौंड. तोलून बघण्यासाठी सूनबाईने दुकानात ती हात लांब करून धरली, डोक्यावरही धरून पाहिली, कारण छताजवळचे खिळे तीच मारणार आहे. (मुलाचा खांदा!) कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या धंद्यात नावंही बदलत असतात, हिताचीच्या बंदुका इथे २०१८ पासून मेटाबो एचपीटी या नावाने मिळतात. अंश, हवा आणि चाप ही तीन उत्तरं बरोबर आली की शंभरवाली काय आणि अडीचशेवाली काय, घरच्या कामाला दोन्ही सारख्याच. महाग बंदूक हलकी असते, रोज हजारो खिळे मारूनही वर्षानुवर्षं टिकते. पाचशे खिळे मारणाऱ्याने त्या टिकाऊपणाचे पैसे का द्यावेत? काटकसर तिथे करावी. चापात आणि चष्म्यात करू नये.

आमच्याकडचे नियम नातीने कागदावर लिहून बेसमेंटच्या जिन्यात चिकटवले आहेत. डोळ्यांना चष्मा आणि कानांना झाकणं सगळ्यांना, नुसत्या बघणाऱ्यालासुद्धा. खिळ्याच्या जागेपासून हात १२ इंच दूर, आणि लाकूड क्लॅम्प धरेल. खिळा अडकला, बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची झाली किंवा पाणी प्यायला जायचं झालं तर आधी हवेची नळी काढायची. चालताना बोट चापावर नाही. दोन पट्ट्या एकावर एक जोडताना खिळा किंचित तिरका, कारण दीड अधिक दीड तीनच होतात, आणि तीन इंची खिळा सरळ आणि जोरात गेला की टोक पलीकडे! ही बेरीज तिने स्वतः केली. नायॉशने याच विषयावर एक चित्रकथाही काढलेली आहे, ती तिने एका बैठकीत वाचून काढली आणि मग बाबांची तोंडी परीक्षा घेतली. पास झाले.

काम सुरू होऊन तीन शनिवार झाले. पहिल्या शनिवारी चार तासांत एकही खिळा मारला गेला नाही. दिवसभर मोजणं, निळ्या दोऱ्याने जमिनीवर रेघा पाडणं आणि कापणं. दुसऱ्या शनिवारी बारा फुटांची पहिली भिंत जमिनीवर आडवी पाडून जोडली. खिळे मारायला सूनबाईला लागली वीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. मग तिघांनी मिळून ती उभी केली आणि शेजारच्या आजोबांनी ओळंबा बघून मान डोलावली. पाव इंच बाहेर होती, ती नीट करण्यात पाऊण तास गेला. मुलगा एकदाही "बंप असती तर" म्हणाला नाही.

परवाच्या शनिवारी दाराची चौकट झाली. नातीला बंदूक हवी होती. तिच्या आईने एकदा नळी काढून नुसतीच हातात दिली. वजन बघून म्हणाली, "बाप रे!" आणि परत दिली. ती सध्या मापं घेते, हिशोब लिहिते, आणि तिची मापं आतापर्यंत एकही चुकलेली नाहीत. उरलेले खिळे मोजायचं काम माझ्याकडे आहे. आज सकाळी डब्यात कमी झालेले मोजले, १८२.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलांनी इथे असं काही घरचं बांधकाम काढलं असेल तर जरूर लिहा, विशेषतः बॅटरीच्या बंदुकीचा अनुभव असेल तर. आणि फोनवर बोलताना सहज विचारा, "चाप कुठला आहे रे?" म्हाताऱ्यांना यातलं काय कळतं, असं त्यांना वाटेल. वाटू दे.